गिळडबीचं भरलेलं वजन

काटेसाहेब सासूबाईंसाठी वाढदिवसाची भेट आणायला खेळण्यांच्या दुकानात गेले आणि जप्ती करून परत आले.

सासूबाईंना खेळणं कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो मनातच ठेवा. काटेसाहेबांनी तो एकदा मोठ्यानं विचारला होता. त्यानंतर आठवडाभर घरातले सगळे त्यांच्याशी इतकं अदबीनं वागले की त्यांना स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटायला लागलं.

‘काटेसाहेब’ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारात काटा तपासायला शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘काटेसाहेब आले, काटेसाहेब आले’ अशी कुजबुज व्हायची आणि दोन-तीन दुकानदारांना अचानक घरचं महत्त्वाचं काम आठवायचं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. पगार, पेन्शन, सत्काराचा हार यातलं त्यांना काही नको होतं. निरोप समारंभात खात्याच्या मोठ्या साहेबांनी फक्त एक वाक्य म्हणावं एवढीच त्यांची इच्छा होती: ‘यांनी केलेली जप्ती कधी परत गेली नाही.’ ते खरंही होतं. त्यांच्या आधीच्या निरीक्षकाच्या निरोपाला साहेबांना बोलायला काही सापडेना, तेव्हा ‘यांचा जेवणाचा डबा नेहमी स्वच्छ असायचा’ असं म्हणून ते खाली बसले होते. तीस वर्षांच्या नोकरीचं सार काय, तर डबा! त्या दिवसापासून काटेसाहेबांना धसका बसला होता.

तर सासूबाई. पंचाहत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या आणि एका कार्टून मालिकेच्या पायी वेड्या झालेल्या. मालिकेत जांभळी टोपी घातलेली एक पोर गावोगाव हिंडून अजस्र प्राणी पकडते. त्यातला सर्वांत दांडगा म्हणजे ढोंबा. पाठीवर भट्टी, नाकावर शिंग, पाय खांबाएवढे. टोपीवाली त्याच्यासमोर उभी राहते, मुठीत मावणारी एक डबी पुढे करते, खटका दाबते. झाकण उघडतं, हिरवा उजेड पडतो आणि ढोंबा गडप! या डबीला म्हणायचं गिळडबी. मग ती पोर डबी खिशात टाकते आणि शिट्टी वाजवत चालू लागते.

“शिट्टी वाजवत!” काटेसाहेब दर वेळी ओरडायचे. “अहो, दोन टन खिशात घातलेत तिनं! चड्डी तरी खाली यायला नको?”

“जावईबापू, मधे बोलू नका,” सासूबाई म्हणायच्या. “आतली रचना तुम्हाला माहीत नाही.”

आतली रचना! ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या काट्यांची आतली रचना उघडून बघितली, त्याला हे ऐकावं लागत होतं.

तरीही बायकोचा हुकूम म्हणून ते दुकानात गेले. खेळणीवाल्यानं गिळडबीचं खोकं पुढे ठेवलं. कोणतंही खोकं हातात आलं की काटेसाहेब आधी ते उलटं करून बारीक अक्षरं वाचतात. औषध असो, साबण असो, लग्नाची भेट असो. त्या खोक्यावर रंग होता, वयोगट होता आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘क्षमता : २००० किलो’.

“हे काय आहे?” काटेसाहेबांचा आवाज एकदम खात्याचा झाला.

“खेळणं आहे साहेब.”

“ते मला दिसतंय. दोन हजार किलो मावतात यात?”

खेळणीवाला हसला. तिथेच चुकलं. गप्प बसला असता, चहा मागवला असता, निदान खोकला असता, तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण तो हसला, आणि वर म्हणाला, “प्राणी पकडून तर आणा साहेब, मग मोजू!”

पॅकबंद मालावर वजनाचा आकडा छापला की तो खरा असला पाहिजे, हा कायदा. काटेसाहेबांनी बाजूच्या दुकानातले दोन पंच बोलावले, पंचनामा केला आणि दुकानातल्या सगळ्या गिळडब्यांना लाख लावून मोहोर मारली. सासूबाईंसाठी बाजूला काढलेलीसुद्धा त्यात गेली. भेटवस्तू म्हणून सूट द्यायला कायद्यात तरतूद नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “आणलीत?”

“जप्त केली.”

बायकोनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, “तुम्हीच सांगा आईला. मी माहेरी गेले असते, पण माहेरच इथे येऊन राहिलंय.”

सासूबाई ओरडल्या नाहीत. टॅबलेट मांडीवर तसाच ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे दोन हजार खोटं आहे, असं तुमचं म्हणणं?”

“धडधडीत खोटं.”

“ठीक आहे,” सासूबाई म्हणाल्या. ते ‘ठीक आहे’ ऐकून काटेसाहेबांनी पंचनाम्याची प्रत पुन्हा एकदा तपासून बघितली.

*

ऑफिसात खरा घोळ सुरू झाला. हेडक्लार्क म्हणजे खात्यातला जुना खांब. त्याला टेकून बरेच साहेब येऊन गेले. त्यानं तपासणी अहवाल उलटसुलट बघितला.

“रिकाम्या डबीचं वजन लिहिलंत. भरलेलं?”

“भरलेलं कसं असेल? त्यात काही जातच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे!”

“ते म्हणणं वेगळ्या कागदावर. इथे रकाना आहे. रकाना मोकळा सोडता येत नाही.”

“मग शून्य लिहा!”

“शून्य म्हणजे रिकाम्या डबीपेक्षा भरलेली हलकी. साहेब हसतील.” हेडक्लार्कनं चष्मा वर केला. “नियमात सोय आहे. मूळ माल उपलब्ध नसेल तर तत्सम माल भरून वजन घ्यावं.”

“ढोंब्याला तत्सम माल कुठून आणू?”

“ते निरीक्षकानं ठरवायचं. आणि अहवाल वेळेत पूर्ण नसेल तर जप्ती परत जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

*जप्ती परत जाते.* काटेसाहेबांना डोळ्यांसमोर निरोप समारंभ दिसला. साहेब उभे आहेत, खोकतायत, आठवतायत, आणि म्हणतायत, ‘यांचा डबा...’

इमारतीत ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आणि ज्यांना स्वतःच्या गॅसचा नंबर कधी लावता आला नाही, त्या सगळ्यांना गिळडबीचं गणित येत होतं. समोरच्या वहिनींनी दारातच गाठलं. “भाऊजी, घडी हो, घडी! नीट घडी घातली की काहीही मावतं. मी परदेशी जाताना पाच माणसांचे कपडे एका बॅगेत घातले होते. तो ढोंबा आत घडी होऊन बसतो.”

“आणि वजन, वहिनी? घडी घातल्यानं वजन जातं?”

“वजनाचं काय, ते विमानतळावर कळतं.”

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर. ते संध्याकाळी चूळ भरायला लावून पेशंटला तसाच सोडून बाहेर आले. “विरघळतो तो,” ते म्हणाले. “उजेड होऊन जातो. हिरवा प्रकाश बघितलात ना? वस्तुमानाचा प्रकाश.”

“दोन टनांचा प्रकाश झाला तर गाव जळेल, डॉक्टर!”

“म्हणून तर झाकण आहे,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “तुम्हाला कल्पना नाही हो, दाढेतल्या एवढ्याशा भोकात माणसं काय काय साठवतात.”

काटेसाहेबांचा संताप संताप झाला. एक किलो साखरेत चार दाणे कमी भरले तर हीच माणसं त्यांच्याकडे तक्रार घेऊन येत. आणि इथे आख्खा ढोंबा वजनासकट बेपत्ता, तर कुणाला काही वाटत नाही!

“तुम्हाला प्रयोग करूनच दाखवतो,” ते म्हणाले. “डबी बंद असो वा उघडी, आतलं वजन तेवढंच राहतं. आपली लिफ्ट ही डबी. आत काटा ठेवतो. त्यावर उभा राहील...” त्यांनी आजूबाजूला बघितलं. जिन्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी उतरत होते. भरदार अंग, मान आत गेलेली, नाकातून मोठा श्वास. काटेसाहेबांना नियमातला शब्द आठवला. तत्सम.

सेक्रेटरी आधी नाही म्हणाले. मग, सरकारी अहवालात ‘तत्सम माल’ म्हणून आपलं नाव येईल हे कळल्यावर, केस विंचरून आले. खात्याचा मोहोरबंद काटा लिफ्टमध्ये ठेवला. डॉक्टर साक्षीदार. सासूबाई स्टूल घेऊन आपण होऊन आत येऊन बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना लिफ्टमध्ये नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

“माझं वजन पंच्याहत्तर,” सेक्रेटरींनी आधीच जाहीर केलं.

काट्यानं चौऱ्याऐंशी दाखवलं. सेक्रेटरींनी खिशातल्या किल्ल्या काढून डॉक्टरांकडे दिल्या. चौऱ्याऐंशीच राहिलं.

“दार बंद,” काटेसाहेब म्हणाले. “आकडा बघा. चौऱ्याऐंशी. हलला? नाही हलला. डबी बंद, वजन कायम! आता वर चला.”

डॉक्टरांनी बटण दाबलं. लिफ्टनं वर झेप घेतली आणि काट्यावर एक्क्याण्णव आले.

सगळे काट्यावर वाकले.

“हे माझं नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

तिसरा मजला जवळ आला, लिफ्ट मंदावली आणि काट्यावर सत्त्याहत्तर आले. सेक्रेटरींचा चेहरा खुलला. “बघा! मी म्हणत होतो ना!” आणि त्याच क्षणी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे एक गचका देऊन थांबली. दिवा गेला. पंखा गेला.

अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. “डबीच्या आत गेलं की वजन आपलं राहत नाही, डबीचं होतं. आमचं मालिकेचं मंडळ हेच तर सांगतंय.”

“आई, काटा हलत्या जागेवर ठेवायचा नसतो, म्हणून...” काटेसाहेब बोलता बोलता थांबले. सपाट, स्थिर पृष्ठभाग! हा नियम मोडला म्हणून त्यांनी आजवर असंख्य दुकानदारांना दंड केला होता. हातगाडीवर काटा ठेवणाऱ्या एका भाजीवाल्याला तर त्यांनी भर बाजारात अर्धा तास भाषण दिलं होतं. आणि आज खात्याचा काटा त्यांनी स्वतः, साक्षीदार ठेवून, लिफ्टमध्ये मांडला होता.

बाहेर लिफ्टवाला आला. लिफ्टची दुरुस्ती सेक्रेटरींनीच दोन बैठकांत पुढे ढकलली होती, त्यामुळे तो काही घाईत नव्हता. “आत कोण आहे?” त्यानं फटीतून विचारलं.

“तत्सम प्राणी!” सेक्रेटरी गरजले.

*

हेडक्लार्कनं तीन आकडे वाचले. “चौऱ्याऐंशी, एक्क्याण्णव, सत्त्याहत्तर. यातलं कोणतं घेऊ? काटा कुठे ठेवला होता?”

“लिफ्टमध्ये,” काटेसाहेब म्हणाले. आवाज त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंतही पोचला नाही.

हेडक्लार्कनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं काटेसाहेब आजवर दुकानदारांकडे बघत आले होते. मग तो म्हणाला, “तज्ज्ञांचं मत मागवा. दुसरा मार्ग नाही.”

प्राणिसंग्रहालयाला पत्र गेलं. ‘सदर प्राणी आमच्याकडे नाही, तो आल्यास कळवू,’ असं उत्तर आलं. शेवटी मालिकेच्या चाहत्यांचं एक अभ्यासक मंडळ असल्याचं हेडक्लार्कनं शोधून काढलं. मंडळाच्या अध्यक्षांना सुनावणीला हजर राहण्याची नोटीस निघाली. नोटीस घेऊन शिपाई गेला, आणि पत्ता बघून त्यानं काटेसाहेबांच्याच घराची घंटा वाजवली.

“सही कुठे करायची?” सासूबाईंनी विचारलं.

सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत घरात फक्त कामापुरतं बोलणं चालू होतं. काटेसाहेब मीठ मागायचे, तर सासूबाई बायकोला सांगायच्या, “त्यांना विचार, किती किलो हवंय.”

*

सुनावणीला साहेब मधल्या खुर्चीवर. एका बाजूला काटेसाहेब, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. टाय, गुळगुळीत दाढी, आणि या सगळ्यातून लवकर सुटायचं असल्याचा चेहरा. खेळणीवाला भिंतीला टेकून उभा. मधोमध खुर्चीत सासूबाई. इस्त्रीची साडी नेसून, टॅबलेट छातीशी धरून. वहिनी, डॉक्टर आणि सेक्रेटरी ‘जनता’ म्हणून मागच्या बाकावर.

“बोला आजी,” साहेब म्हणाले.

सासूबाई बोलायला लागल्या आणि खोलीतलं वातावरण बदललं. आवाज शाळेत शिकवणाऱ्या बाईसारखा, एकही वाक्य वाया नाही.

“साहेब, डबी म्हणजे खोली नव्हे. डबी म्हणजे दार. खोली दुसरीकडे आहे, मोठी आहे, तिथे ढोंबा आरामात राहतो. घराचं दार कुणी उचलून खिशात घातलं, म्हणून घर काही त्याच्या खिशात येत नाही. म्हणून त्या पोरीची चड्डी खाली येत नाही.” त्यांनी जावयाकडे न बघता हे वाक्य टाकलं. “आता दोन हजार कशाचं? तर उंबऱ्याचं. लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं ना, सहा माणसं? तसं. उंबरा एका वेळी दोन हजार किलो पेलतो. ढोंब्याचं वजन मालिकेत सांगितलंय एकोणीसशे ऐंशी. तो जेमतेम जातो, म्हणून दर वेळी झाकण करकरतं. दुसऱ्या प्राण्यांच्या वेळी करकरत नाही. आम्ही सगळे भाग तपासलेत. तेव्हा खोक्यावरचा आकडा अगदी बरोबर आहे.”

साहेब पुढे वाकले होते. “करकरतं होय?” त्यांनी विचारलं.

“ऐकवते.” सासूबाईंनी ऐकवलं. करकरलं.

 मनातल्या मनात काटेसाहेबांना कबूल करावं लागलं की खात्यातल्या एकाही निरीक्षकानं आजवर इतका बिनतोड अहवाल दिला नव्हता. आणि जप्ती परत चालली होती. घरच्या माणसाच्या हातून.

“निरीक्षक, तुमचं काही म्हणणं?” साहेबांनी विचारलं.

काटेसाहेबांनी तीन आकड्यांचा कागद पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

“मग,” साहेब कंपनीच्या माणसाकडे वळले, “औपचारिकता म्हणून विचारतो. आजी म्हणतात तसंच आहे ना? दोन हजार उंबऱ्याचे?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. दोन टनांची केस एका अक्षरात मिटली असती. पण कंपनीच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि हसला. “छे हो साहेब! उंबरा कसला आणि खोली कसली. खोक्यावर खालच्या बाजूला जागा मोकळी राहत होती. काहीतरी आकडा हवा होता, गोल दिसेल असा. आम्ही तो असाच टाकला.”

“असाच?” काटेसाहेब उभे राहिले.

“असाच?” सासूबाई उभ्या राहिल्या. गुडघ्यांसकट.

“असाच म्हणजे काय?” काटेसाहेब कडाडले. “वजनाचा आकडा असाच टाकता? लोक त्यावर विश्वास ठेवतात! ही बाई त्यावर...” ते थांबले. “लोक विश्वास ठेवतात!”

“अहो, खेळणं आहे ते,” कंपनीचा माणूस म्हणाला.

“साहेब, लिहून घ्या,” हेडक्लार्क कोपऱ्यातून थंडपणे म्हणाला. “छापलेल्या वजनाला आधार नाही, कंपनीला मान्य.”

साहेबांनी लिहून घेतलं. जप्ती कायम! मागच्या बाकावर डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी ‘अहवालात माझं नाव आहे ना?’ म्हणून विचारून घेतलं, आणि निरोप समारंभातलं ते वाक्य काटेसाहेबांच्या मुठीत आलं.

*

घरी आल्यावर काटेसाहेबांनी बूट जरा जोरातच काढले. कुणी अभिनंदन करायला आलं नाही.

“जिंकलात ना?” बायको म्हणाली. “मग आता आत जाऊन बघा.”

सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. टॅबलेट बंद, वर रुमाल झाकलेला, एखादं माणूस गेल्यासारखा.

“या जावईबापू,” त्या म्हणाल्या. “तुमचंच खरं. काही नव्हतंच तिथे. ना खोली, ना उंबरा. मोकळी जागा होती म्हणून टाकलेला आकडा. आणि आम्ही म्हातारी माणसं करकर मोजत बसलो.”

काटेसाहेबांनी या बाईवर वर्षानुवर्षं मनातल्या मनात खटले भरले होते. पण आता त्यांच्या अंगात जो संताप चढला तो सासूबाईंवरचा नव्हता. असाच टाकला! असाच!

“आई,” ते स्टूल ओढून बसले. “त्या टायवाल्याला काय विचारता? मालाचं वजन माल बनवणाऱ्याला कधीच माहीत नसतं. हे मी सगळं आयुष्य बघत आलोय. ते आकडा छापतात आणि मोकळे होतात. खरं किती भरतं, ते बाहेरच्या माणसानंच ठरवायचं असतं. नाहीतर आमचं खातं कशाला आहे?”

सासूबाईंनी हळूच मान वळवली.

“दोन हजार खोटं,” काटेसाहेब म्हणाले, “पण उंबरा खोटा कशावरून? झाकण करकरतंय ते मी स्वतः ऐकलंय. साहेबांनी ऐकलंय. फक्त आकडा नव्यानं काढावा लागेल.”

“मग ढोंब्याचे एकोणीसशे ऐंशी तरी धरायचे का?”

“आपण काही धरायचं नाही, आई. मोजायचं. लावा पहिला भाग.”

सासूबाईंनी रुमाल बाजूला केला. ढोंबा आला, चिखल तुडवत निघाला. “थांबवा!” काटेसाहेब ओरडले. “पाऊल बघा किती रुतलंय! गुडघ्यापर्यंत! एकोणीसशे ऐंशीत एवढं रुततं? हा चार हजारांच्या खाली असेल तर मी नाव लावणार नाही. आई, मालिकावाल्यांनी निम्म्यानं वजन कमी सांगितलंय! उघडउघड लबाडी! उद्याच नोटीस काढतो सगळ्यांना!”

स्वयंपाकघरातून बायकोनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“टोपीवालीला नको हं,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. “पोर चांगली आहे ती.”

काटेसाहेबांनी पडद्यावरच्या त्या पोरीकडे बराच वेळ करड्या नजरेनं बघितलं.

“बरं,” ते म्हणाले. “तिला फक्त ताकीद.”